ड्रोनहल्ल्यांपासून संरक्षण : महागडे क्षेपणास्त्र, जुनी तोफ आणि दोहोंमधली दरी

तोफची_बार्शी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी अधिकृतपणे सांगितले. तेव्हापासून आपल्या सोलापुरात, नवी पेठेतल्या दुकानांपासून एसटी स्टँडपर्यंत, हवाई संरक्षण म्हटले की एस-४०० या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्र यंत्रणेचे एकच नाव ऐकू येते. त्या यंत्रणेचे मोल मी चांगले जाणतो. परंतु लहान ड्रोन पाडण्याच्या कामात त्या दिवसांत एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफांनी जे करून दाखवले, त्याची पुरेशी चर्चा झाली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. मी सेना हवाई संरक्षण दलात एल-७० वर नोकरी केली आहे आणि आता बार्शीकडे शेती पाहतो. येथे जे लिहितो आहे ते सर्व जाहीर झालेल्या माहितीवर आधारलेले आहे. प्रतिसाद देणाऱ्यांनीही तेवढे पथ्य पाळावे, ही विनंती.

मूळ प्रश्न पैशाचा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी सोडलेले ड्रोन पाडण्यासाठी अमेरिकी युद्धनौकांनी एसएम-२ क्षेपणास्त्रे वापरली. अशा एका क्षेपणास्त्राची किंमत सुमारे २० लाख डॉलर आहे आणि समोरचा ड्रोन काही हजार डॉलरचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले तेव्हा त्यांतले काही पाडण्यासाठी नेदरलँड्सची एफ-३५ लढाऊ विमाने वापरावी लागली. ड्रोन पडले, नुकसान टळले, म्हणून त्या दिवसापुरता तो विजयच होता. परंतु असे रोज रात्री करावे लागले तर कोठार आधी कोणाचे रिकामे होईल, हे सांगायला कोणा सेनापतीची गरज नाही. युक्रेनच्या हवाई दलाने दिलेल्या आकड्यांनुसार ९ जुलै २०२५ च्या एका रात्रीत रशियाने ७२८ ड्रोन सोडले. त्यांत बरेचसे स्फोटके नसलेले, केवळ फसवण्यासाठी पाठवलेले नकली ड्रोन होते. समोरच्याने तुमची क्षेपणास्त्रे त्यांच्यावर खर्च करावीत, हाच त्यांचा उपयोग.

आता दुसरी अडचण, म्हणजे ड्रोन वेळेवर दिसणे. दहा किलोमीटर उंचीवरून येणारे विमान जमिनीवरच्या रडारला चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. पन्नास मीटर उंचीवरून येणारा ड्रोन मात्र पृथ्वीच्या गोलाईमुळे, दहा मीटर उंचीच्या अँटेनाला, अगदी सपाट प्रदेशातही चाळीस किलोमीटरच्या आसपास आल्याशिवाय दिसत नाही. प्रत्यक्षात झाडे, चढउतार आणि इमारती यांमुळे ते अंतर आणखी घटते. शाहेद-१३६ हा इराणी बनावटीचा ड्रोन ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे चाळीस किलोमीटर कापायला त्याला तेरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो पाहायचा, पक्षी नाही याची खात्री करायची, आपला नाही याची खात्री करायची, जवळच्या तोफेला कळवायचे आणि पाडायचे. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस येथील तेलप्रकल्पांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. त्या देशाकडे पॅट्रियट ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती, तरीही दररोजचे सुमारे ५७ लाख पिंप तेल उत्पादन बंद पडले. उंचावरून येणाऱ्या शत्रूसाठी उभारलेली व्यवस्था खालून येणाऱ्या शत्रूला पुरी पडली नाही.

तोफेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते मी हाताने केलेले काम आहे. एल-७० ची नळी ४० मिलिमीटरची. गोळे चार-चारांच्या क्लिपमध्ये येतात. भरलेली क्लिप दहा किलोच्या आसपास भरते आणि लोडरला ती वरून दाबून बसवावी लागते, नळी फिरत असताना आणि पायाखालचा मंच हलत असताना. मिनिटाला तीनशेच्या आसपास गोळे सुटतात, त्यामुळे एक क्लिप डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपते. गोळा सेकंदाला सुमारे एक हजार मीटर वेगाने निघतो आणि पुढे त्याचा वेग कमी होत जातो. लक्ष्य दोन किलोमीटरवर असेल तर गोळा पोहोचायला अडीच-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात शाहेदसारखा ड्रोन सव्वाशे ते दीडशे मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून नळी ड्रोनवर रोखायचीच नसते. तो जेथे पोहोचणार आहे तेथे रोखायची असते. पूर्वी हा अंदाज बराचसा तोफचीच्या डोळ्यावर आणि सरावावर अवलंबून असे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने या तोफांना दिवसाचा कॅमेरा, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, लेझर अंतरमापक आणि विजेवर फिरणारी यंत्रणा बसवल्यापासून ते गणित संगणक करतो. तोफ साठच्या दशकात देशात आलेली, पण तिला डोळे नवे मिळाले. त्याच्या जोडीला लक्ष्याजवळून जाताना आपोआप फुटणारा गोळा असला की थेट आदळण्याचीही गरज उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, आपला पैसा आणि आपले लक्ष या खालच्या थराकडे वळले पाहिजे. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे विमानांसाठी आणि मोठ्या क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवता यावीत, म्हणून खाली स्वस्त मारा करणारी दाट फळी हवी. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

---

विजापूर_रोड

सुभेदार साहेब, धागा उत्तम आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून जॅमिंगविषयी, म्हणजे ड्रोनचे रेडिओसंकेत झाकोळून टाकण्याविषयी, भर घालतो. गोळी न झाडता ड्रोन निकामी करणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच मोठ्या आहेत.

बाजारात मिळणारा ड्रोन चालकाशी बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि आपली जागा उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो. उपग्रहाचा संकेत वीस हजार किलोमीटरवरून येत असल्याने जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो, त्यामुळे जवळच्या लहानशा प्रक्षेपकानेही तो झाकोळून टाकता येतो. खोटा संकेत पाठवून ड्रोनला भलत्याच ठिकाणी असल्याचे भासवताही येते. डीआरडीओच्या डी-४ यंत्रणेत रडार, कॅमेरे आणि रेडिओलहरी पकडणारे संवेदक यांच्या जोडीला असे जॅमर आहेत आणि सुमारे एक किलोमीटरपर्यंत मारा करणारा लेझरही आहे. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्याजवळ डीआरडीओची ड्रोनविरोधी यंत्रणा तैनात होती.

यावर शत्रूने दोन उतारे काढले आहेत. पहिला उतारा अनेक घटकांच्या अँटेनाचा. जॅमर ज्या दिशेला आहे ती दिशा असा अँटेना आपोआप बहिरी करतो आणि वरून येणारा उपग्रहाचा संकेत ऐकत राहतो. दुसरा उतारा याहून साधा आणि म्हणूनच अधिक त्रासदायक आहे. २०२४ पासून युक्रेनच्या युद्धात ऑप्टिकल फायबरची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. चित्र आणि आज्ञा दोन्ही त्या तारेतून जातात. हवेत रेडिओलहर नाहीच, त्यामुळे जॅम करायला काही उरत नाही आणि रेडिओ संवेदकाला असा ड्रोन येतो आहे हेही कळत नाही. त्याचा पल्ला सहसा दहा-वीस किलोमीटरचा असतो, पण आघाडीवरच्या सैनिकासाठी तेवढा पुरेसा घातक आहे.

आणखी एक गोष्ट नागरी भागात फार महत्त्वाची आहे. उपग्रहसंकेत जॅम केला तर तो शत्रूपुरता जॅम होत नाही. होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावर उतरणारे विमान, रुग्णवाहिकेतला नकाशा आणि वेळेसाठी उपग्रहावर अवलंबून असलेले दूरसंचाराचे मनोरे या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून शहरात जॅमर सतत चालू ठेवता येत नाही. तो योग्य क्षणी, योग्य दिशेला चालू करावा लागतो. म्हणजे पुन्हा आपण तुमच्याच मुद्द्यावर येतो, की आधी ड्रोन दिसला पाहिजे.

दिसण्याच्या बाबतीत युक्रेनने केलेला एक प्रयोग मला अतिशय मोलाचा वाटतो. शाहेदचे इंजिन पिस्टनचे असल्यामुळे तो मोपेडसारखा फटफटत येतो. युक्रेनने खांबांवर मायक्रोफोन बसवून सुमारे दहा हजार संवेदकांचे जाळे देशभर उभारले. एका संवेदकाचा खर्च चारशे-पाचशे डॉलर आहे. एका खांबाने आवाज ऐकला, मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने, की ड्रोनचा मार्ग नकाशावर आपोआप उमटतो आणि मशीनगन बसवलेल्या पिकअप गाड्या त्या मार्गावर जाऊन उभ्या राहतात. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखे हे काम आहे, आणि अंतिम वर्षाचे प्रकल्प निवडताना त्यांनी याचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते.

---

टेरी_टॉवेल

आमचा यंत्रमागाचा कारखाना एमआयडीसीत आहे. युक्रेनमध्ये रस्त्यांवर दुतर्फा खांब रोवून वर जाळ्या ताणल्याची छायाचित्रे पाहिली. फ्रान्सच्या कोळ्यांनी वापरून झालेल्या मासेमारीच्या जाळ्या तिकडे पाठवल्या, असेही वाचनात आले. आपल्याकडे द्राक्षबागांवर पक्ष्यांसाठी जाळी टाकतात तशीच ही दिसते. या जाळ्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे साहेबांनी सांगावे.

सोलापूरने अशा जाळ्या विणाव्यात, असे काही मित्र म्हणू लागले आहेत, म्हणून धंद्यातला माणूस म्हणून स्पष्ट लिहितो. आपले माग चादर आणि टॉवेलचे आहेत. त्यांत ताणा-बाणा एकमेकांत गुंफला जातो, गाठ पडत नाही. मोठ्या भोकांची जाळी मागावर विणली तर धागे सरकून भोके एका बाजूला गोळा होतील. शेडनेट किंवा मच्छरदाणी रॅशेल यंत्रावर होते आणि मासेमारीची गाठीची जाळी त्याहून वेगळ्या यंत्रावर. कच्चा मालही सुती सुताऐवजी नायलॉन किंवा एचडीपीई लागतो. ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांनी नवी यंत्रे आणण्याचा खर्च आधी मांडावा. आहे त्या मागांवर हे होणार नाही. सैन्याची गरज असेल तर गुंतवणूक करायला आमच्यातले काही जण नक्की पुढे येतील, पण त्यासाठी मागणी किती आणि किती वर्षांची हे कळले पाहिजे.

---

तोफची_बार्शी

टेरी टॉवेल शेठ, तुमच्यासारख्या जाणकाराने मागाची मर्यादा सांगितली हे फार बरे झाले.

जाळीचा उपयोग होतो, परंतु कोणत्या ड्रोनविरुद्ध हे पाहावे लागते. चालक कॅमेऱ्यातून पाहत जे छोटे एफपीव्ही ड्रोन वाहनावर आदळवतो, त्यांचे पंखे जाळीत अडकतात. ते तेथेच लटकतात किंवा लक्ष्यापासून दूर फुटतात. शाहेदसारखा दोनशे किलो वजनाचा आणि चाळीस-पन्नास किलो स्फोटके वाहणारा ड्रोन जाळीने थांबत नाही. शिवाय एका ड्रोनने जाळी फाडायची आणि दुसऱ्याने त्या भोकातून शिरायचे, हेही घडते. त्यामुळे जाळी टाकली की काम संपले असे होत नाही. ती रोज तपासून शिवत राहावी लागते. वीजकेंद्रांसाठी युक्रेनने वेगळा मार्ग धरला. ट्रान्सफॉर्मरभोवती जाळीच्या पेट्यांत दगड भरून भिंती रचल्या आणि महत्त्वाच्या ठिकाणी काँक्रीटचे कवच उभारले. थेट आघात झाला नाही तरी जवळच्या स्फोटाचे तुकडे ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीत घुसतात आणि आग लागते. दगडांच्या भिंती ते तुकडे अडवतात.

---

अक्कलकोट_वेस

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मला एक शंका आहे. सोलापूर सीमेपासून इतके दूर आहे. आपल्याकडे कोणता ड्रोन पोहोचणार? हा विषय जम्मू, पंजाब, राजस्थान आणि कच्छच्या लोकांचा नाही का?

---

मोहोळ_बचतगट

मी बचतगटातर्फे फवारणीचा ड्रोन चालवते. ऊस डोक्याच्या वर गेला की माणसाला आत शिरून फवारणी करता येत नाही, तेथे आमचे काम असते. अक्कलकोट वेस दादांच्या प्रश्नावर माझ्या अनुभवातून थोडे लिहिते.

दहा लिटरची टाकी भरून ड्रोन उचलला की बॅटरी काही मिनिटांतच संपायला येते. वजन आणि अंतर यांचे हे गणित सैन्याच्या लहान ड्रोनलाही चुकत नसणार. त्यामुळे लहान ड्रोन सीमेवरून उडून सोलापूरला येणार नाही, हे दादांचे म्हणणे बरोबर आहे. पण आम्ही आमचा ड्रोन मोहोळहून पंढरपूरला उडवत नेत नाही, टेम्पोत घालून बांधापर्यंत नेतो. वाईट हेतूचा माणूसही तेच करू शकेल, नाही का?

जॅमिंगविषयी सरांना एक विचारायचे आहे. उच्चदाबाच्या तारांजवळ आमच्या ड्रोनचे होकायंत्र बिघडते आणि तो एका बाजूला सरकू लागतो. रिमोटशी संपर्क तुटला तर तो आपोआप उडालेल्या जागी परत येतो. मग शत्रूचा ड्रोन जॅम केल्यावर तो नेमके काय करील? लोकवस्तीवर पडला तर?

---

विजापूर_रोड

ताई, प्रश्न नेमका विचारलात. तुटलेल्या संपर्कानंतर काय करायचे हे ड्रोनच्या संगणकात आधीच लिहून ठेवलेले असते. बाजारातला ड्रोन परत फिरतो, जागीच उतरतो किंवा बॅटरी संपेपर्यंत घिरट्या घालतो. परत फिरला तर त्याचा माग काढत चालकापर्यंत पोहोचता येते, म्हणून पोलिसांच्या दृष्टीने ते उत्तम. युद्धातला ड्रोन मात्र संपर्क तुटला तरी आधी दिलेल्या ठिकाणाकडे जातच राहावा असा बनवतात. काहींमध्ये शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यातले चित्र ओळखून लक्ष्याकडे जाण्याची सोय असते, आणि त्यावर जॅमर चालत नाही. त्याच्यासाठी सुभेदार साहेबांची तोफच हवी. पाडलेला ड्रोन कोठे पडेल याची काळजीही तुम्ही योग्यच केली आहे. त्यामुळे शक्य तेथे तो वस्तीवर येण्याच्या आधीच, मोकळ्या माळावर गाठणे हे नियोजनाचे मुख्य सूत्र असते.

---

तोफची_बार्शी

अक्कलकोट वेस यांच्या शंकेचे अर्धे उत्तर ताईंनी दिलेच आहे. उरलेले अर्धे उदाहरणासह देतो. १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या गुप्तचर यंत्रणेने रशियाच्या हवाई तळांवर ११७ ड्रोनचा हल्ला केला. हे ड्रोन ट्रकवरच्या लाकडी खोल्यांच्या छपरांखाली लपवून तळांच्या जवळ नेले होते. दूरवरून आज्ञा मिळताच छपरे उघडली आणि ड्रोन बाहेर पडले. त्यांतला बेलाया हा तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून अधिक दूर, सायबेरियात आहे. तेथपर्यंत युद्ध पोहोचेल असे कोणाला वाटले नव्हते, म्हणून बॉम्बफेकी विमाने उघड्यावर उभी होती. आपल्याकडेही २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर दोन ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. दोन जवान किरकोळ जखमी झाले. नुकसान थोडे झाले, पण भारतातील लष्करी तळावरचा तो पहिला ड्रोनहल्ला होता आणि त्यानंतर देशभरातल्या तळांचा विचार नव्याने सुरू झाला.

सोलापुरापुरते बोलायचे तर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीजव्यवस्था राष्ट्रीय जाळ्याशी जोडली गेली. १३२० मेगावॉटचा एनटीपीसीचा वीजप्रकल्पही आपल्या दाराशी आहे. युद्धात शत्रू वीजव्यवस्थेवर किती जोर देतो, हे युक्रेनच्या हिवाळ्यांनी दाखवून दिले आहे. घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. मात्र सीमा दूर आहे म्हणून हा विषय आपला नाही, हे मला मान्य नाही.

---

लकी_चौक

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. लेझरच्या एका माऱ्याचा खर्च नगण्य असतो असे वाचले. ब्रिटनच्या ड्रॅगनफायर यंत्रणेबाबत दहा पौंडांचा आकडा दिला जातो. मग तोफा, गोळे आणि जाळ्या यांवर पैसा घालण्यापेक्षा सरळ लेझरच का आणू नयेत?

---

तोफची_बार्शी

प्रश्न रास्त आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला आणि या क्षेत्रात आपण मागे नाही हे सिद्ध झाले. दहा पौंड हा माऱ्याचा खर्च झाला. यंत्राची किंमत, त्याला लागणारी वीज आणि थंड ठेवण्याची व्यवस्था वेगळी. लेझरला लक्ष्याच्या एकाच जागी काही सेकंद टिकून राहावे लागते, तेव्हा कवच जळते. वीस ड्रोन एकदम आले तर एक-एक जाळत बसायला वेळ मिळेलच असे नाही. धुके, पाऊस आणि धूळ यांनी किरण विखुरतो. आपल्या एप्रिल-मे महिन्यातली दुपारची हवा आठवा. रस्त्यावर दूरचे वाहन थरथरताना दिसते. तीच तापलेली हवा लेझरचा किरणही विस्कटते. म्हणून लेझर हवाच, पण तोफेच्या शेजारी हवा.

बारा-पंधरा ड्रोन एकत्र आले तर काय, यावर नागपूरच्या सोलर समूहाने भार्गवास्त्र तयार केले आहे. १३ मे २०२५ रोजी गोपाळपूर येथे त्याच्या चाचण्या झाल्या. छोट्या अग्निबाणांचा वर्षाव करून अडीच किलोमीटरपर्यंतचे ड्रोन पाडणे हा त्याचा उद्देश आहे. युरोपातल्या ३५ मिलिमीटरच्या तोफांसाठी असा गोळा आहे, जो लक्ष्याच्या थोडा आधी फुटतो आणि टंगस्टनचे १५२ कण पुढे फेकतो. लहान ड्रोनला त्यांतले दोन-चार कणही पुरतात. आपल्या ४० मिलिमीटरच्या तोफांसाठी असे नेमक्या क्षणी फुटणारे गोळे देशात भरपूर प्रमाणात तयार व्हावेत, ही माझी कळकळीची इच्छा आहे, कारण तोफा आहेत, चालवणारे आहेत, आणि लांबलेल्या युद्धात अडते ते गोळ्यांच्या साठ्यापाशी.

२३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर डीआरडीओने जी एकत्रित चाचणी घेतली, ती माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाची आहे. लवकर मारा करणारे क्षेपणास्त्र, त्याहून कमी पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि लेझर या तिघांनी, एकाच नियंत्रण केंद्राच्या आज्ञेने, वेगवेगळ्या अंतरावरची आणि उंचीवरची तीन लक्ष्ये एकाच वेळी पाडली. त्यांत दोन वेगवान मानवरहित विमाने होती आणि एक अनेक पंख्यांचा ड्रोन होता. कोणत्या लक्ष्यावर कोणते अस्त्र खर्च करायचे, हा निर्णय केंद्राने घ्यायचा. सैन्यात आकाशतीर ही संगणकीय नियंत्रण यंत्रणा हेच काम रडार आणि तोफा जोडून करते. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १९८२ कोटी रुपयांचा करार झाला होता. आमच्या काळात शेजारच्या तोफेला लक्ष्य कळवायचे तर टेलिफोन किंवा वायरलेसवर ओरडून सांगावे लागे, आणि दोन तोफा एकाच लक्ष्यावर गोळे उधळत असताना दुसरे लक्ष्य डोक्यावरून निघून जाण्याची भीती असे.

---

मोहोळ_बचतगट

साहेब, एक शेवटचा प्रश्न. उद्या खरोखर अशी वेळ आली, तर आमचा फवारणीचा ड्रोन आपल्याच तोफेच्या तावडीत सापडणार नाही ना?

---

तोफची_बार्शी

ताई, विमानाला आपले की परके हे विचारणारा संकेत असतो आणि ते उत्तर देते. शेतीच्या ड्रोनवर तशी लष्करी सोय नसते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तुमच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक आहे आणि हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत उडवण्याची मुभा आहे, पण रात्री थर्मल कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या तोफचीला तो क्रमांक दिसत नाही. त्याला दिसतो फक्त एक गरम ठिपका. म्हणून मे २०२५ मध्ये अनेक शहरांत प्रशासनाने ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. आकाशात आपला एकही ड्रोन नाही अशी खात्री असली की तोफचीला निर्णय घ्यायला काही सेकंद जास्त मिळतात. तसा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आला, तर हंगाम ऐन भरात असला तरी बॅटरी काढून ड्रोन घरात ठेवावा आणि गटातल्या इतर भगिनींनाही तसे कळवावे. डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाआधी पाहण्याची सवय तुम्हाला असेलच. त्यात कोणते क्षेत्र कधी लाल, म्हणजे उड्डाणाला बंद, होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी पाहिलेल्या नकाशावर विसंबू नये.